बर्फाच्या पेटीतले मूत्रपिंड

उन्हाळ्यात आपण दुधाचे भांडे गार पाण्यात ठेवतो. का बरे? गारव्यात दूध लवकर नासत नाही. माणसाचे मूत्रपिंड, म्हणजे किडनी, असे जपून ठेवता येईल का? येते. ते कसे, हे आम्ही आज सांगणार आहोत.

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली की रक्त साफ होत नाही. अशा रोग्याला दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवतात. १९५४ साली अमेरिकेत बोस्टन शहरी हे काम यशस्वी झाले. देणारा आणि घेणारा जुळे भाऊ होते. दोघे जवळजवळच होते. पण देणारा एका गावी, घेणारा दुसऱ्या गावी असला तर? वाटेत मूत्रपिंड टिकले पाहिजे.

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनले आहे. पेशींना रक्तातून अन्न आणि प्राणवायू मिळतो. रक्त थांबले की त्या उपाशी पडतात. थंडीत मात्र त्यांची भूक मंदावते. ४ अंशांवर ती सुमारे एक दशांश उरते.

मग सरळ गोठवावे की! नाही, तसे चालत नाही. टोमॅटो गोठवून बाहेर काढा. तो लिबलिबीत होतो. आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फाटतात. म्हणून मूत्रपिंड गार ठेवायचे, गोठवायचे नाही.

दुसरी अडचण अशी. थंडीत पेशींना पाणी बाहेर ठेवता येत नाही. पाण्यात टाकलेल्या मनुकेसारख्या त्या फुगतात. १९६९ साली अमेरिकेत कॉलिन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी यावर एक पाणी तयार केले. पेशीच्या आत जसे क्षार असतात, साधारण तसेच त्यात घातले. या पाण्याने धुऊन बर्फात ठेवलेले कुत्र्याचे मूत्रपिंड ३० तास टिकले. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी आणखी चांगले पाणी केले. त्यात पेशीत न शिरणारी एक साखर घातली. मनुका दाट पाकात फुगत नाही ना? तसेच हे.

अशा गारव्यात मूत्रपिंड साधारण एक दिवस टिकते. यकृत सुमारे १२ तास टिकते. हृदय मात्र ४ ते ६ तासच. म्हणून पेटी नेणाऱ्या गाडीला पोलीस रस्ता मोकळा करून देतात.

आपल्या देशात १९९४ साली याचा कायदा झाला. एखाद्याचा मेंदू कायमचा मेला, श्वास फक्त यंत्रावर चालू आहे, असे डॉक्टरांनी तपासून ठरवले, तर त्याचे अवयव देता येतात. त्यासाठी डॉक्टर घरच्यांची संमती विचारतात. त्या वेळी घरात रडारड असते. काय करावे सुचत नाही. इकडे वेळ निघून जातो, तिकडे कुणी रोगी वाट पाहत असतो.

म्हणून मंडळी, आमचे सांगणे एवढेच. आपली इच्छा काय, हे धडधाकट असतानाच घरच्यांना सांगून ठेवा. आज रात्री जेवताना हा विषय काढाच.