गोठ्यावरचें दूध

नगर शहराभोंवतीं आतां वसाहती पुष्कळ वाढल्या. तरी केडगांव-भिंगारच्या पुढें थोडें गेलें कीं अजून गोठे लागतात. पहाटे चरवी घेऊन तेथें जावें, डोळ्यांदेखत धार काढवून घ्यावी आणि पिशवीच्या दुधास रजा द्यावी, असें आमच्या परिचयाच्या अनेक कुटुंबांस वाटूं लागलें आहे. आम्हीही गेलीं तीन वर्षें असाच रतीब घेतों. त्यांत आम्हांस एकदां चांगलीच ठेंच लागली, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

गुण उघडच आहेत. दूध ताजें असतें आणि कोणाच्या गायीचें तें ठाऊक असतें. शिवाय पैसा थेट गोपालकाच्या हातीं पडतो. संकलन केंद्रावर गायीच्या दुधांत ३.५ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के इतर घनांश धरून भाव ठरतो. त्याहून कमी भरलें कीं भाव उतरला. ह्याच जिल्ह्यांतील पुणतांब्याहून १ जून २०१७ रोजीं शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तेव्हां दूध रस्त्यांवर ओतलें गेलें. त्यांच्या मागण्यांत दुधाच्या भावाचीही मागणी होती.

आतां ठेंचेविषयीं. धारोष्ण दुधाची थोरवी लहानपणापासून आमच्या कानांवर पडलेली. एके दिवशीं नातवास सोबत नेलें आणि फेंसाळ पेला आम्हींच त्याच्या हातीं दिला. पुढें तो नित्याचा क्रमच झाला. दोनेक महिन्यांनीं मुलास ताप येऊं लागला. सायंकाळीं चढे, रात्रीं घाम फुटून उतरे; गुडघे दुखत. मुदतीचा ताप समजून औषधें झालीं, गुण येईना. अखेर एका वृद्ध डॉक्टरांनीं विचारलें, “दूध कोठलें घेतां?” रक्त तपासलें, तेव्हां ब्रुसेल्ला रोग निघाला. सहा आठवडे दोन औषधें चाललीं. गोठ्यावर चौकशी करतां कळलें कीं मागील वर्षीं दोन गायी गाभडल्या होत्या. आम्ही विचारलें नव्हतें, त्यांनीं सांगितलें नव्हतें.

ह्या रोगाचा जंतु डेव्हिड ब्रूस ह्यानें १८८७ मध्यें माल्टा बेटांत शोधला. तो शेळीच्या दुधांतून येतो हें झामिट ह्या तेथील डॉक्टरास १९०५ मध्यें उमगलें, आणि पुढल्याच वर्षीं तेथील गोऱ्या पलटणीचें तें दूध बंद होतांच ताप झपाट्यानें ओसरला. ७२ अंशांवर १५ सेकंद तापविलेल्या दुधांत हा जंतु टिकत नाहीं. मग घरच्या पातेल्यांतील उकळीपुढें त्याची काय कथा! लॅक्टोमीटरनें पाण्याचा संशय येतो, रोगाचा नाहीं. म्हणून गोठा ठरवितांना गाय गाभडली होती काय, आणि कालवडींस चार ते आठ महिन्यांच्या वयांत ह्या रोगाची लस टोंचली काय, हें संकोच न धरतां विचारावें. २०१९ पासून ह्या लसीकरणाची सरकारी योजना आहे.

मुलगा बरा झाल्यावर आम्ही त्याच गोठ्यावर गेलों. गोपालकाच्या आईस हकीकत सांगितली, तर ती चकितच झाली. “अवो काका, आमच्यात बी दूध तापवल्याबिगर कुनी पीत न्हाय. तुमी शिकलेली मान्सं, म्हनून काय बोललो न्हाय.”

आमचा रतीब अजून तिच्याकडेच आहे. दोन्ही गायी तिनें तपासून घेतल्या. दूध घरीं आलें कीं आधीं चुलीवर चढतें. नातू ऊत येण्याची वाट पाहत पातेल्याशीं उभा राहतो, कारण साय त्याची.