दिरहमातली मिळकत आणि शिष्यवृत्तीची मर्यादा

बारावीचे निकाल लागले की रविवारच्या वंदनेनंतर पालक आम्हां अभियंत्यांभोवती जमतात. यंदा सोनापूरच्या कामगार वसाहतीत राहणाऱ्या एका बांधवाने विचारले, "दादा, मुलीचा इंजिनिअरिंगला नंबर लागेल. तहसीलदाराकडे उत्पन्न किती दाखवू?"

"किती दाखवू" यातच सारी अडचण सामावली आहे. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे सर्व मार्गांनी मिळणारे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असावे लागते. दिरहम २३ रुपयांचा धरला, तर ही मर्यादा महिना ९०० दिरहमांच्या आसपास येते. आमचा बांधव १,२०० मिळवतो. म्हणजे वर्षाला ३,३१,२०० रुपये. एका खोलीत सहा जणांसह राहणारा हा माणूस कागदावर मर्यादेबाहेरचा ठरतो!

गावाकडची मंडळी सुचवतात, फक्त शेतीचे उत्पन्न लिहा. आम्ही तसे सांगणार नाही. ही योजना १९४४ पासूनची. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तिच्यासाठी खोटा दाखला नको, आणि त्याची गरजही नाही. अडीच लाखांहून अधिक उत्पन्न असलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना महाराष्ट्र शासन शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती देते. तिलाच फ्रीशिप म्हणतात. निर्वाहभत्ता मिळत नाही. पण इंजिनिअरिंगच्या खर्चात शुल्काचाच वाटा मोठा असतो. अर्ज महाडीबीटीवरच करायचा.

मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. आणि दहावी महाराष्ट्रातून झालेली असावी. शारजा-दुबईत सीबीएसईची दहावी केलेली आपली मुले नेमकी येथे अडतात. ज्यांची लेकरे आज आठवीत आहेत, त्यांनी हा विचार आताच करावा. अशा मुलांसाठी केंद्राची एसपीडीसी ही निराळी योजना आहे. तिच्या १५० जागांपैकी ५० जागा आखातासारख्या देशांतील भारतीय कामगारांच्या मुलांना राखीव आहेत. अर्जापूर्वी चालू वर्षाचे नियम वाचून घ्यावेत.

आमच्या बांधवाची लेक आजीकडे राहून गावातच शिकली, त्यामुळे दहावीची अट सुटली. उरले जातवैधता प्रमाणपत्र. त्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांचा शाळेचा दाखला घरात नाही. धाकटा भाऊ या आठवड्यात गावच्या शाळेत जुने रजिस्टर पाहायला जाणार आहे.