तुकडा बाटलीत गेला, पुढे काय?



'तुकडा तपासायला पाठवलाय' हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळ जणींनी ऐकलेलं असतं. गर्भाशयाच्या तोंडाचा, मानेतल्या गाठीचा, नाहीतर घशातला एक लहानसा तुकडा काढतात. तो बाटलीत घालतात आणि बरेचदा बाटली घरच्यांच्याच हाती देऊन 'लॅबमध्ये पोचवा' म्हणतात. मग अहवाल येईपर्यंत जीव टांगणीला. कधी उत्तर स्पष्ट येतं, कधी कागदावर 'शंका आहे, पुढील तपासणी करावी' एवढंच असतं. आज आम्ही त्या शंकेबद्दल, आणि ती फेडायला मदत करणाऱ्या एका तपासणीबद्दल बोलणार आहोत. नाव लांबलचक आहे : आरएनए इन सिटू हायब्रिडायझेशन. घाबरू नका. 'इन सिटू' म्हणजे जागच्या जागी, आणि हायब्रिडायझेशन म्हणजे जोडी जुळणं.

आधी शंका येते कशी ते बघू. पॅथॉलॉजीचे डॉक्टर तो तुकडा मेणात बसवून त्याचे पातळ काप काढतात, चार-पाच मायक्रॉनचे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप रंगवले की पेशी जांभळ्या-गुलाबी दिसतात आणि त्यांच्या आकारावरून निदान होतं. पण आकार फसवतो. पाळी गेल्यानंतर गर्भाशयाच्या तोंडावरचा थर पातळ होतो, पेशी लहान आणि गडद दिसतात. कॅन्सरच्या आधीचा बदलही काहीसा असाच दिसतो. जुनी सूज असली तरी गोंधळ होतो. एकीकडे विनाकारण शस्त्रक्रिया, दुसरीकडे हातातून निसटलेला आजार. मधे बसलेली असते बाई.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. मग विषाणू आहे की नाही एवढं पाहिलं तर भागेल ना? नाही भागत. हा विषाणू कितीतरी जणींच्या अंगात येतो आणि बहुतेकींच्या अंगातून एक-दोन वर्षांत आपोआप जातोही. नुसता आला आहे की पेशीत बसून उद्योग करतो आहे, हे कळायला हवं.

इथे आरएनए कामाला येतो. डीएनए म्हणजे कपाटात ठेवलेली जाडजूड वही. सगळं त्यात लिहिलेलं, पण रोज सगळं वापरात नसतं. ज्याचं काम आज निघालं आहे, तेवढंच पेशी एका चिठ्ठीवर उतरवून घेते. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. एचपीव्हीच्या ई-६ आणि ई-७ या दोन जनुकांच्या चिठ्ठ्या पेशीत सापडल्या, तर विषाणू तिथे कामाला लागला आहे असं समजायचं. कारण ही दोन जनुकं पेशीची वाढ रोखणारे ब्रेकच निकामी करतात.

चिठ्ठ्या शोधायच्या दुसऱ्याही पद्धती आहेत. पण त्यांत बहुधा तुकडा विरघळवून त्यातला आरएनए बाहेर काढतात. वाटण केल्यासारखंच ते. मिक्सरमधून काढलेल्या वाटणात खोबरं आहे हे कळेल, पण ते कुठे होतं हे कसं सांगणार? आणि डॉक्टरांचा प्रश्न तर 'कुठे'चाच असतो : शंका आली त्याच पेशीत, की शेजारच्या निरोगी थरात? जागच्या जागी तपासलं की कापावरच, त्याच पेशीत, रंगाचे ठिपके दिसतात.

ही कल्पना जुनी आहे. १९६९ साली अमेरिकेत येल विद्यापीठात जोसेफ गॉल आणि त्यांची विद्यार्थिनी मेरी लू पार्ड्यू यांनी बेडकाच्या पेशींवर ती करून दाखवली. किरणोत्सारी आरएनए लावायचा आणि फोटोच्या फिल्मसारख्या थरावर खूण उमटेपर्यंत काळोखात थांबायचं. दवाखान्याला असं थांबून कसं चालेल? शिवाय चिठ्ठ्या थोड्या, नाजूक, आणि तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मेलिनमध्ये त्यांचेही तुकडे पडतात.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आरएनएस्कोप या पद्धतीने यावर छान तोड काढली. बँकेचा लॉकर आठवा. एक किल्ली तुमची, एक बँकेची, दोन्ही लागल्या तरच उघडतो. तसे इथे शोधक जोडीने पाठवतात. दोन्ही शोधक चिठ्ठीवर शेजारी-शेजारी चिकटले तरच पुढचा रंगाचा डोलारा उभा राहतो. एकटाच कुठेतरी भलतीकडे चिकटला तर काहीच दिसत नाही. एका चिठ्ठीसाठी अशा सुमारे वीस जोड्या असतात, म्हणून चिठ्ठीचे तुकडे पडलेले असले तरी काही जोड्या लागतातच.

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ठिपके दिसले नाहीत म्हणजे आजार नाही, असं लगेच म्हणता येत नाही. तुकडा वेळेवर फॉर्मेलिनमध्ये गेला नसेल तर चिठ्ठ्या आधीच नासलेल्या असतात. म्हणून चांगली लॅब त्याच तुकड्याचे आणखी दोन काप लावते. एकावर, प्रत्येक जिवंत पेशीत असतेच अशी चिठ्ठी शोधते. ती दिसलीच पाहिजे. दुसऱ्यावर, माणसात असूच शकत नाही अशी एका जिवाणूची चिठ्ठी शोधते. ती दिसता कामा नये. पहिली दिसली नाही, तर 'नाही' हे उत्तर धरायचंच नाही.

म्हणजे यंत्र कितीही भारी असो, अर्धा निकाल त्या बाटलीतच लागतो. तुकडा काढल्यावर तासाभराच्या आत फॉर्मेलिनमध्ये जायला हवा, आणि फॉर्मेलिन तुकड्याच्या साधारण दहा पट. बाटली हाती आली की विचारा, 'यात फॉर्मेलिन आहे ना? कधी घातलं?' नाव, तारीख, कुठला तुकडा, हे वाचून घ्या. क्षयाचे जंतू वाढवून पाहायचे असतील तर वेगळा तुकडा सलाईनमध्ये देतात. दोन बाटल्या असतील तर अदलाबदल होऊ देऊ नका. झाकण उघडू नका, वास उग्र असतो. पोरांपासून लांब ठेवा, आणि 'उद्या जाऊ तालुक्याला' म्हणून घरी ठेवू नका.

ही तपासणी सगळ्यांना लागते असं मुळीच नाही. पी-१६ नावाची साधी, स्वस्त रंगतपासणी बऱ्याचदा पुरते. गर्भाशयाच्या तोंडाची नेहमीची चाचणी, पॅप किंवा एचपीव्हीची, ती वेगळीच, ती करायचीच. मानेतल्या गाठीसाठी मात्र याच जातीची एक तपासणी अनेक मोठ्या लॅबमध्ये रोज होते, ईबर नावाची. ईबीव्ही विषाणूचे हे छोटे आरएनए एकेका पेशीत लाखोंनी असतात, त्यामुळे ते शोधणं सोपं जातं. काही प्रकारच्या लिम्फोमात त्याचा उपयोग होतो.

आणि अहवालात शंका लिहिलेली असेल, तर दुसऱ्यांदा तुकडा काढायला तयार होण्याआधी मेणाच्या ब्लॉकबद्दल विचारा. उरलेला तुकडा त्यात लॅबने जपलेला असतो. 'ब्लॉक आणि काचा दुसऱ्या ठिकाणी दाखवायच्या आहेत' असं सांगून अर्ज दिला की मिळतात. पावती जपून ठेवा आणि काम झालं की ब्लॉक परत नेऊन द्या. पुढे पुन्हा लागला तर त्याच लॅबमध्ये मिळेल.