ताप उतरवायची घाई : उपनगरातल्या पन्नास वर्षांचा मागोवा

सत्तरच्या दशकात घाटकोपरच्या किंवा बोरिवलीच्या चाळीत मूल तापाने फणफणलं की आधी एक रिकामी बाटली धुतली जायची. फॅमिली डॉक्टरांचा कंपाउंडर तीत गुलाबी मिक्श्चर भरायचा, बाहेरून खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवायचा आणि सोबत चार पुड्या द्यायचा. दिवसातून तीनदा एकेका खाचेएवढं औषध. बाटलीत नेमकं काय आहे हे आईला माहीत नसे आणि ते विचारायची रीतही नव्हती.

घरचे उपचार ठरलेले असत. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या, थोड्या सुखवस्तू घरांत कोलनवॉटरच्या. खिडक्या बंद, गळ्यापर्यंत गोधडी. अंघोळ नाही, जेवणाला तांदळाची पेज किंवा मऊ भात. यातली पेज शहाणपणाची होती, कारण तापात अंगातलं पाणी भराभर कमी होतं. गोधडीमागचं तर्कशास्त्र मात्र उलटं होतं. घाम आला की ताप उतरतो, असा ठाम समज. प्रत्यक्षात ताप उतरू लागतो म्हणून घाम येतो. जंतूंशी लढताना मेंदूच शरीराच्या तापमानाची पातळी वर नेऊन ठेवतो. तिथवर पोहोचण्यासाठी हुडहुडी भरते, अंग थरथरतं, हातपाय गार पडतात. पातळी पुन्हा खाली आली की शरीर घामावाटे उष्णता बाहेर टाकतं. नेमक्या त्याच वेळी मुलाला गुंडाळून ठेवलं, तर ती उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही.

मुलुंड आणि दहिसरपर्यंतची गावं १९५७ मध्ये मुंबई महापालिकेत आली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत उपनगरं जशी भरत गेली, तसा घराघरांत काचेचा थर्मामीटर आला. मनगटाला झटका देऊन पारा खाली आणायचा, काखेत धरायचा, मग उजेडात तिरका करून रेघ शोधायची. या नळीने आयांच्या हाती एक आकडा दिला, आणि आकड्याबरोबर एक नवी धास्तीही. १०२ म्हणजे वाईट, १०४ म्हणजे मेंदूवर परिणाम होणार, असं घरोघरी मानलं जाऊ लागलं. ही धास्ती फक्त इथलीच नव्हती. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी १९८० मध्ये पालकांशी बोलून हीच भीती नोंदवली आणि तिला ‘फीवर फोबिया’ असं नाव दिलं. साध्या संसर्गाच्या तापाने निरोगी मुलाच्या मेंदूला इजा होत नाही, हे तेव्हाही माहीत होतं. ते घरापर्यंत पोहोचायला मात्र फार वर्षं लागली.

भीतीचं सर्वांत मोठं कारण म्हणजे आकडी. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरपैकी दोन ते पाच मुलांना तापात झटके येतात. डोळे फिरतात, दातखिळी बसते, आणि त्या दोन-तीन मिनिटांत घर हादरून जातं. मग कुणी कांदा फोडून नाकाशी धरायचं, कुणी चप्पल हुंगवायचं, कुणी दातांत चमचा घालायचं. कांद्याने काही बिघडत नसे, पण चमच्याने दात तुटायचे आणि तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असायचा. मुलाला एका कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तडक दवाखाना गाठा, एवढंच करायचं असतं. बहुतेक झटके त्याआधीच थांबतात. पहिलाच झटका असेल तर तो थांबल्यावरही मूल डॉक्टरांना दाखवायला हवं. अशा साध्या झटक्यांनी मुलाची बुद्धी कमी होत नाही. तापाचं औषध आधीच देऊन ते टळतातच असंही नाही. ही गोष्ट आजही अनेक आजी-आजोबांना पटत नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. ज्याने आपल्या मांडीवर मूल निळं पडलेलं पाहिलं आहे, त्याला टक्केवारी सांगून धीर येत नाही.

या पन्नास वर्षांतली सर्वांत मोलाची सुधारणा एखाद्या नव्या औषधाने घडवलेली नाही. ती जुनी औषधं गाळून झाली.

पहिली गळली ॲस्पिरिन. सिडनीचे डॉक्टर डग्लस रे यांनी १९६३ मध्ये मुलांच्या एका विचित्र आजाराचं वर्णन केलं. फ्लू किंवा कांजण्यांसारख्या आजारातून मूल बरं होत आलेलं असताना यकृत आणि मेंदू एकदम बिघडायचे. पुढे त्याचा संबंध ॲस्पिरिनशी जोडला गेला, आणि १९८६ मध्ये अमेरिकेत ॲस्पिरिनच्या वेष्टनावर तशी सूचना सक्तीची झाली. आपल्याकडे मुलांच्या तापात हळूहळू पॅरासिटामॉलच मुख्य औषध झालं. मिक्श्चरच्या निनावी बाटलीच्या जागी छापील लेबलाची बाटली आली, ही त्यातली तितकीच महत्त्वाची गोष्ट.

मग नव्वदच्या दशकात निमेसुलाइड आलं. ते ताप झपाट्याने उतरवायचं आणि परिणाम बराच वेळ टिकायचा. सकाळी मुलाला पाळणाघरात सोडून आठच्या सुमाराची लोकल पकडणाऱ्या आईला याचा केवढा आधार वाटला असेल! ज्या घरात रजा मिळणं कठीण, तिथे ‘एका डोसात ताप गायब’ हे शब्द औषधाच्या गुणापेक्षा मोठे ठरले. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये या औषधाला कधीच परवानगी नव्हती. यकृताला इजा झाल्याच्या नोंदींमुळे २००२ मध्ये फिनलंड आणि स्पेनने ते थांबवलं. भारतात मात्र वाद चालू राहिला आणि बाटल्याही विकल्या जात राहिल्या. अखेर १० फेब्रुवारी २०११ च्या अधिसूचनेने बारा वर्षांखालच्या मुलांना ते देण्यावर बंदी आली. मधली नऊ वर्षं फार झाली. मूल खेळतं की नाही हे पाहण्याऐवजी पारा किती लवकर पडतो हेच पाहिलं, त्याची ही किंमत होती.

दरम्यान उपनगरांतला पावसाळा वेगळेच धडे देत होता. जुलै २००० मधल्या पुरानंतर तापाने रुग्णालयात आलेल्या मुलांत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचे डॉ. सुनील करंदे आणि सहकाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस सापडला. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यात खेळणं, चालणं हे त्याचं कारण. पाच वर्षांनी, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. अंधेरी, साकीनाका, कुर्ला इथे लोक कमरेएवढ्या पाण्यातून घरी आले, मुलं खांद्यावरून आणली गेली. ऑगस्टमध्ये तापाचे रुग्ण वाढले, लेप्टोने माणसं दगावली. तेव्हापासून डॉक्टर तापाबरोबर एक जास्तीचा प्रश्न विचारतात : मूल साचलेल्या पाण्यातून चाललं होतं का? आणि पाणी तुंबलं की महापालिका आवाहन करते : पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या.

२०१० मध्ये मलेरियाने गाठलं. महापालिकेच्या हिशेबात त्या वर्षी शहरात ७६ हजारांहून अधिक रुग्ण आणि १४५ मृत्यू होते. घराघरांत उमगलं की एक दिवसाआड हुडहुडी भरून येणारा ताप सिरपने दाबत बसण्यात अर्थ नाही, रक्त तपासायला हवं.

डेंग्यूने तर तापाकडे बघायची दिशाच फिरवली. ऑक्टोबर २०१२ मध्ये चित्रपट दिग्दर्शक यश चोप्रांचं डेंग्यूने निधन झालं आणि मोठ्या रुग्णालयात उपचार मिळणारा माणूसही जातो, या बातमीने शहर धास्तावलं. पण खरा धडा बातमीत नव्हता. डेंग्यूत धोका ताप चढताना कमी आणि उतरताना जास्त असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास पारा खाली येतो, घरचे सुटकेचा श्वास घेतात, आणि त्याच वेळी रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपू लागतो. पोट दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार हातपाय, मलूल होणं ही खरी धोक्याची चिन्हं आहेत. याच आजारामुळे आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड अशी औषधं पावसाळ्यात परस्पर देऊ नयेत हा नियम झाला, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मेफेनॅमिक ॲसिडच्या गंभीर ॲलर्जीबद्दल तर इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३ च्या अखेरीस वेगळा इशारा दिला.

करोनाने थर्मामीटर दारावर आणून उभा केला. जून २०२० मध्ये बोरिवली, दहिसर, मुलुंड, भांडुप या पट्ट्यात रुग्ण वाढू लागले तेव्हा महापालिकेने ‘मिशन झीरो’ सुरू केलं आणि फिरते दवाखाने गल्लोगल्ली ताप शोधत निघाले. सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत स्वयंसेविका घरोघरी तापमान मोजत होत्या. त्या काळात पालक आकड्याकडे पुन्हा एकटक पाहू लागले. साध्या सर्दीच्या मुलाचं दर तासाला तापमान घेणं, मध्यरात्री झोपलेल्याला उठवून डोस पाजणं ही सवय अनेक घरांत उरली आहे. ती सोडायला हवी. शांत झोपलेल्या तापकरी मुलाला औषधासाठी उठवायची गरज नसते.

औषध ताप शून्यावर आणण्यासाठी नसतं, मुलाला बरं वाटावं म्हणून असतं. अमेरिकन बालरोग अकादमीने २०११ मध्ये हेच सांगितलं. गार पाण्याने पुसलं की मूल कुडकुडतं आणि आतून तापमान उलट वाढतं. ब्रिटनच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर कोमट पाण्याने पुसण्याचाही आग्रह सोडून दिला. पातळ सुती कपडे, पंखा हळू, घोट घोट पाणी, ताक, पेज, अंगावरचं दूध चालू, एवढं पुरतं.

डोस मात्र वजनावर ठरतो, आणि इथेच घोटाळा होतो. पॅरासिटामॉल साधारण एक किलोला १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम, म्हणजे पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमच्या बाटलीतून ६ मिलिलिटर, पण २५० च्या बाटलीतून फक्त ३. तान्ह्यांचे थेंब याहून कितीतरी तीव्र असतात. बाटली बदलली आणि हात जुन्याच सवयीने चालला तर दुप्पट औषध जातं, आणि त्याचा भार यकृतावर पडतो. दोन डोसांत किमान चार तास, चोवीस तासांत चारहून जास्त डोस नाहीत. सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही पॅरासिटामॉल असू शकतं, म्हणून दोन्ही एकदम नकोत. २०२५ च्या शरदात छिंदवाडा भागातल्या वीसहून अधिक मुलांचा जीव विषारी द्रव्य मिसळलेल्या अशाच एका सिरपने घेतला. त्यांतली अनेक मुलं नागपूरच्या रुग्णालयांत होती. सर्दी-तापाच्या लहान मुलाला बहुतेक वेळा त्या बाटलीची गरजच नसते.

काही ठिकाणी मात्र थांबायचं नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप म्हणजे रात्र असली तरी राजावाडी, कूपर किंवा जवळचं जे रुग्णालय असेल ते गाठायचं. धाप, न थांबणाऱ्या उलट्या, मान ताठणं, दाबूनही न विरणारे पुरळ, आठ-दहा तास लघवी नाही, हाक मारूनही नीट न बघणारं मूल, इथे आकडा किती हे विचारूच नये.

काही ताप मुळात येऊच नयेत यासाठीचा मार्गही उपनगरांच्या शेजारीच दिसला. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी संयुग लस मोफत द्यायला घेतली. पहिल्याच टप्प्यात लाखाहून जास्त मुलांना ती मिळाली. सरकारी यंत्रणेतून झालेली ही जगातली पहिली मोहीम होती. मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडला की ते शहर लागतं. पुलाच्या अलीकडे मुदतीच्या तापावरची तीच लस पालकांना खासगी दवाखान्यात पैसे मोजून घ्यावी लागते, आणि ज्या वस्त्यांत नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळतं, तिथल्या घरांना ती परवडत नाही.