पॉइंटचा पैसा येतो कुठून?

मोबाइलवरून पैसे दिले तर क्रेडिट कार्डाचे पॉइंट मिळतात का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कार्ड तेच, दुकान तेच, बिलाची रक्कमही तीच. तरी एका पद्धतीने पैसे दिल्यावर पॉइंट जमा होतात, दुसऱ्या पद्धतीत काहीच मिळत नाही आणि तिसरीत वर शुल्क पडतं. ग्राहकाला हा बँकेचा लहरीपणा वाटतो, पण तो तसा नाही. पॉइंटचा पैसा येतो कुठून, एवढं एकदा लक्षात आलं की बहुतेक नियमांचा अर्थ लागतो.

क्रेडिट कार्ड मशिनवर चाललं की बिलाची पूर्ण रक्कम दुकानदाराच्या हाती पडत नाही. साधारण दोन टक्क्यांच्या आसपास रक्कम वाटेत कापली जाते. या कपातीला एमडीआर म्हणतात. तिच्यातला सर्वांत मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्यातलाच काही भाग बँक पॉइंट किंवा कॅशबॅकच्या रूपाने ग्राहकाला देते. म्हणजे पॉइंट मुख्यतः दुकानदाराच्या गल्ल्यातून येतात. फोन हे फक्त पैसे पाठवायचं साधन आहे. फोनमधून पैसे ज्या वाटेने जातात तिथे ही कपात होते की नाही, यावर सगळं ठरतं.

फोनच्या पडद्यामागे अशा तीन वाटा आहेत. पहिली सरळ आहे. सॅमसंग वॉलेटसारख्या अ‍ॅपमध्ये कार्ड नोंदवून फोन मशिनला टेकवला, तर कार्डाच्या खऱ्या क्रमांकाऐवजी त्याचं टोकन पुढे जातं. दुकानाच्या आणि बँकेच्या दृष्टीने हा नेहमीचाच कार्डव्यवहार असतो, त्यामुळे पॉइंटही नेहमीसारखेच मिळतात. दुसरी वाट आधी कार्डाने वॉलेटमध्ये पैसे भरायचे आणि मग त्यातून खर्च करायचे, ही. इथे बँकेला दिसते ती फक्त वॉलेट कंपनी. पुढे तुम्ही औषधं घेतलीत की किराणा, हे बँकेला कळत नाही. शिवाय वॉलेटमधले पैसे बँक खात्यात वळवून त्याच पैशांनी कार्डाचं बिल भरायचं आणि पुन्हा वॉलेट भरायचं, असं काहीही विकत न घेता पॉइंट गोळा करण्याचं चक्र फिरवता येतं. म्हणून अनेक बँकांनी वॉलेट भरण्यावरचे पॉइंट बंद केले, काहींनी ठरावीक रकमेपुढे १ टक्का शुल्कही लावलं. यात ग्राहकावर अन्याय झाला असं मला वाटत नाही. जिथे खरेदीच नाही, तिथे खरेदीचं बक्षीस देण्याचं कारण नाही.

तिसरी वाट यूपीआयची, आणि सर्वांत जास्त गोंधळ तिथेच आहे. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची मुभा दिली आणि सप्टेंबरपासून ती सुविधा सुरू झाली. दुकानातला तोच क्यूआर कोड स्कॅन करायचा, फक्त पैसे खात्याऐवजी कार्डातून जातात. मात्र छोट्या दुकानदारांना २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारांवर शुल्कमाफी आहे. माझ्या मते हा नियम योग्यच आहे, कारण भाजीवाल्याच्या तुटपुंज्या नफ्यातून ग्राहकाचे पॉइंट निघू नयेत. पण त्याचा परिणाम असा की या व्यवहारांत बँकेला कमाई नाही. म्हणूनच काही कार्डांवर यूपीआयचे पॉइंट कमी दराने मिळतात, काहींवर त्यांना महिन्याची कमाल मर्यादा असते. त्यात आणखी एक मेख आहे. अनेक कार्डांवर पॉइंट पूर्ण १०० किंवा १५० रुपयांमागे मोजले जातात. दिवसभरात चहा, भाजी, रिक्षा असे पाच छोटे खर्च स्कॅन करून केले, तर एकूण रक्कम बरीच होऊनही पॉइंट एकही न मिळणं शक्य आहे.

यावर कुणी म्हणेल, कार्डाने द्या की रोखीने, वस्तूची किंमत तीच असते. मग मिळणारे पॉइंट का सोडायचे? मुद्दा बरोबर आहे. मोठ्या दुकानात, जिथे मशीन आहे आणि कार्डाचा खर्च किमतीत आधीच धरलेला आहे, तिथे पॉइंट जरूर घ्यावेत. पण छोट्या दुकानातल्या तीन-चार हजारांच्या बिलावर होणारी कपात थेट त्या माणसाच्या नफ्यातून जाते. तो खात्यातून यूपीआय करा असं सुचवत असेल, तर ते मानण्यात आपलं फार थोडं जातं. दुसरा आक्षेप असा की थेंबे थेंबे तळं साचतं. साचतं, पण हिशेब करून पाहा. महिन्याला २०,००० रुपयांचा खर्च आणि १ टक्का परतावा धरला तर महिन्याला २०० रुपये हाती येतात. एखाद्या महिन्याचं बिल थकलं तर दरमहा पावणेचार टक्के दराने ७५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ८८५ रुपये होतात. उशिराचं शुल्क वेगळंच. एका महिन्याच्या विसराळूपणात चार महिन्यांची कमाई वाहून जाते. कार्डातून जाणारे पैसे खात्यातून लगेच कमी होताना दिसत नाहीत, आणि स्कॅन करायला तर दोन सेकंदही लागत नाहीत. त्यामुळे बिल अंदाजापेक्षा मोठं येण्याचा धोका फोनवर जास्त आहे.

तेव्हा पुढच्या खरेदीआधी दोन कामं करा. कार्डाच्या नियमावलीत वॉलेट भरणं आणि यूपीआय यांच्यावर पॉइंट आहेत का, किती आणि कुठल्या मर्यादेपर्यंत, ते वाचून घ्या. आणि पूर्ण बिल ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप भरलं जाईल, अशी सूचना बँकेला आजच देऊन ठेवा.