अल्पवयीनांची मानसिक आरोग्यसेवा : हक्क आणि पालकत्व
मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ अन्वये शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क होय. बालकांसाठीच्या सेवाही त्यात अंतर्भूत आहेत. मात्र कलम १५ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीचा नामनिर्देशित प्रतिनिधी सामान्यतः तिचा पालकच असतो. पालकाने लक्षणांना ‘आळस’ वा ‘नाटक’ ठरविल्यास हक्क कागदावरच राहण्याचा धोका संभवतो. अशा वेळी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ अन्य योग्य प्रतिनिधी नेमू शकते. त्यासाठीचा अर्ज बालकाचे हित जपणारी कोणतीही व्यक्ती, अर्थात अध्यापकही, करू शकते. अकरावी-बारावीचे बहुतांश विद्यार्थी अल्पवयीन असल्याने ही तरतूद महत्त्वाची ठरते. तत्पूर्वी पालकांशी संवाद साधणे आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक विद्यार्थ्यांना सांगणे श्रेयस्कर होय.