होम थिएटरचा रिसीव्हर घेताय? वॅट नंतर बघा, आधी स्पीकरच्या पाठीवरचा ‘ओहम’ वाचा

जव्हार तालुक्यातल्या साखरशेतला माझा मावसभाऊ राहतो. त्याच्याकडे एकाच खोक्यात मिळणारा जुना होम थिएटर सेट होता. पाच छोटे स्पीकर, एक सबवूफर आणि या सगळ्यांना चालवणारा डीव्हीडी प्लेयर. गेल्या पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली झालं आणि प्लेयर गेला. स्पीकर मात्र ठणठणीत राहिले. मोगऱ्याच्या कळ्या विकून थोडे पैसे हातात आले, तेव्हा त्याचा फोन आला.

“दादा, स्पीकर चांगलेच आहेत, नुसता रिसीव्हर घेतो. सेटवर १००० वॅट लिहिलंय. मग रिसीव्हर किती वॅटचा बघू?”

मी म्हटलं, “वॅट राहू दे. एक स्पीकर उलटा कर आणि मागे ओहम किती लिहिलेत ते वाच.”

“३ लिहिलंय.”

त्या एका आकड्याने खरेदीचा सगळा बेतच बदलला. का बदलला, तेच या लेखात सोप्या भाषेत पाहू. नवीन रिसीव्हर घेणार असाल, जुने स्पीकर वापरात आणणार असाल किंवा कुणाचा सेकंड हँड सेट बघून ठेवला असेल, तर पैसे देण्याआधी एवढं नक्की वाचा.

रिसीव्हर नेमकं काय करतो?

एव्ही रिसीव्हर म्हणजे एकाच डब्यात तीन कामं. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सकडून आवाज घेणं, तो ५.१ सारख्या चॅनेलमध्ये वाटणं आणि प्रत्येक स्पीकरला चालवण्याइतकी ताकद देणं. पहिली दोन कामं आज जवळपास सगळेच रिसीव्हर नीट करतात. गडबड होते ती तिसऱ्या कामात, कारण तिथे रिसीव्हर आणि स्पीकर एकमेकांना जुळावे लागतात.

पहिली गोष्ट : ओहम

ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. याला इम्पिडन्स म्हणतात. पाण्याच्या पाइपसारखं समजा. पाइप जितका मोठा, तितकं पाणी जास्त ओढलं जातं. ओहम जितके कमी, तितका करंट जास्त ओढला जातो.

आकड्यात बघू. रिसीव्हर एखाद्या क्षणी २० व्होल्ट देतोय असं धरा.

- ८ ओहमचा स्पीकर : २.५ अँपिअर करंट, ५० वॅट
- ४ ओहमचा स्पीकर : ५ अँपिअर, १०० वॅट
- ३ ओहमचा स्पीकर : सुमारे ६.७ अँपिअर, १३३ वॅट

आवाजाचं बटण तेवढंच फिरवलंय, पण ३ ओहमचा स्पीकर रिसीव्हरकडून जवळपास पावणेतीन पट करंट मागतोय. बाजारातल्या बऱ्याच साध्या रिसीव्हरच्या मागे, स्पीकरच्या वायरी जोडायच्या जागी ‘६ ते १६ ओहम’ असं छापलेलं असतं. म्हणजे ६ पेक्षा कमी ओहमचा स्पीकर त्याला झेपेल याची कंपनी खात्री देत नाही. हळू आवाजात कदाचित चालेलही. पण सिनेमात मारामारी सुरू झाली की डबा तापेल आणि प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडेल. रोज असंच होत राहिलं तर एक दिवस आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातील.

मग खोक्यातल्या सेटमध्ये ३ ओहम का ठेवतात? कारण कमी व्होल्टेजवर जास्त वॅट दाखवता येतात. त्या सेटचा अँप्लिफायर त्याच स्पीकरसाठी बनवलेला असतो, त्यामुळे ती जोडी चालते. जोडी मोडली की प्रश्न सुरू होतो.

लक्षात ठेवायचा नियम एकच : स्पीकरचे ओहम रिसीव्हरने सांगितलेल्या किमान आकड्याइतके किंवा त्याहून जास्त हवेत. ८ ओहमचा स्पीकर ६ ओहम झेपणाऱ्या रिसीव्हरला बिनधास्त चालतो. उलटं करू नका.

स्पीकरवर लेबलच नसेल तर मल्टिमीटर लावा. मल्टिमीटरचा आकडा छापील ओहमपेक्षा थोडा कमी येतो. साधारण ६ ते ७ आला तर स्पीकर ८ ओहमचा, ३ ते ३.५ आला तर ४ ओहमचा समजायचा. आणि एका चॅनेलला ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर रिसीव्हरला ते ४ ओहम दिसतात. ‘एकाच वायरीत अजून एक स्पीकर टाकला’ हा जुगाड इथेच अंगाशी येतो.

दुसरी गोष्ट : वॅटचा आकडा कसा वाचायचा

भावाच्या सेटवर १००० वॅट लिहिलं होतं. मागे बघितलं तर प्रत्येक चॅनेल १६७ वॅट, असे सहा चॅनेल. तेही ३ ओहमवर आणि १० टक्के डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज स्पष्टपणे फाटत असताना मोजलेले. पीएमपीओ वॅट तर त्याहून फसवे. त्याला कुठलंच पक्कं मोजमाप नाही, कंपनी काहीही छापू शकते.

हा खेळ जुना आहे. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांमुळे सरकारने १९७४ मध्ये अँप्लिफायरचे वॅट कसे सांगायचे याचा नियमच केला.

चांगली कंपनीही एकाच मशीनचे दोन-तीन आकडे देते. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ हा ५.१ रिसीव्हर घ्या. सगळ्या फ्रिक्वेन्सीवर, दोन चॅनेल चालू असताना तो ६ ओहमला ७० वॅट देतो. एकच चॅनेल, एकच सूर आणि थोडं जास्त डिस्टॉर्शन चालवून घेतलं की तोच आकडा १०० वॅट होतो. खोटा कुठलाच नाही, फक्त मोजायची रीत वेगळी. दोन रिसीव्हरची तुलना करताना एवढंच बघा : २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, किती ओहमला, किती चॅनेल चालू आणि डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या आत आहे का. या चार गोष्टी लिहिलेल्या नसतील तर तो आकडा सोडून द्या.

तिसरी गोष्ट : सेन्सिटिव्हिटी, जी कुणीच विचारत नाही

स्पीकरच्या माहितीत ‘८८ डीबी’ असा आकडा असतो. १ वॅट दिला तर १ मीटरवर आवाज किती, हे तो सांगतो. इथे दोन नियम पाठ करा. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डीबी वाढतो. आणि मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबी घटतो.

समजा तुम्ही स्पीकरपासून ३ मीटरवर बसता आणि सिनेमातल्या मोठ्या धमाक्याला ९५ डीबी आवाज हवाय. घरासाठी हा भरपूर आवाज आहे. एका स्पीकरला लागणारी ताकद अशी :

- ९१ डीबीचा स्पीकर : सुमारे २२ वॅट
- ८८ डीबीचा स्पीकर : सुमारे ४५ वॅट
- ८५ डीबीचा स्पीकर : सुमारे ८९ वॅट

हा हिशेब मोकळ्या जागेचा आहे. खोलीत भिंती आवाज परत देतात आणि स्पीकरही एकापेक्षा जास्त असतात, म्हणून प्रत्यक्षात याहून कमी लागते. ७० वॅटचा रिसीव्हर सोडून १०० वॅटचा घेतला तर फरक दीड डीबीचा, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. त्यापेक्षा ३ डीबी जास्त सेन्सिटिव्ह स्पीकर घेतला, तर रिसीव्हरचे वॅट दुप्पट केल्यासारखं होतं.

‘कमी वॅटचा रिसीव्हर म्हणजे स्पीकर सुरक्षित’ हा गैरसमज

स्पीकर १०० वॅटचा आणि रिसीव्हर ५० वॅटचा असेल तर स्पीकर जळणार नाही असं वाटतं. पण छोटा रिसीव्हर फुल आवाजावर रेटला की त्याच्याकडची ताकद संपते आणि आवाजाची लाट वरून-खालून कापली जाते. याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लाटेत वरच्या सुरांची ताकद वाढते, ती सरळ ट्वीटरमध्ये जाते आणि ट्वीटर जळतो. लग्नाच्या मांडवात कर्कश फाटलेला आवाज ऐकलाय ना? तेच. आवाज फाटायला लागला की बटण लगेच मागे घ्या. ते वाचवायला कुठलंही वॅटचं गणित येत नाही.

सबवूफरचा सापळा

जुन्या खोक्यातल्या सेटचा सबवूफर बहुतेक वेळा पॅसिव्ह असतो. म्हणजे त्याच्यात स्वतःचा अँप्लिफायर नसतो. नवीन रिसीव्हरवर सबवूफरसाठी साधारणपणे फक्त प्री-आउटचं भोक असतं. तिथून नुसता सिग्नल मिळतो, ताकद नाही. त्यामुळे जुना सबवूफर जोडला तरी गप्प बसतो. त्यासाठी वेगळा अँप्लिफायर किंवा वीज लावून चालणारा अ‍ॅक्टिव्ह सबवूफरच लागतो. हा खर्च आधीच धरा.

सबवूफर लावलात तर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये बाकी स्पीकर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. बासचं जड काम सबवूफरकडे जातं आणि रिसीव्हरवरचा ताण बराच हलका होतो.

आपल्याकडच्या घरांसाठी चार गोष्टी

१. पत्र्याचं छप्पर : जोराच्या पावसात सिनेमातलं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून वॅट वाढवण्यात अर्थ नाही. बोलणं मधल्या सेंटर स्पीकरमधून येतं. तो चांगला घ्या आणि सेटिंगमध्ये त्याची पातळी ३ डीबी वाढवा.

२. वीज : व्होल्टेज डळमळतं तिथे रिसीव्हरला स्टॅबिलायझर लावा आणि विजा चमकायला लागल्या की प्लग काढून ठेवा. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर घुमणारा आवाज येऊ शकतो, शक्यतो साइन वेव्हचा घ्या.

३. हवा : रिसीव्हर बंद कपाटात किंवा टीव्हीच्या कापडाखाली नको. वर आणि बाजूला मोकळी जागा ठेवा. पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवला तर आतला ओलावा निघतो. जाळीतून पाली-मुंग्या शिरत नाहीत ना, तेही बघा.

४. वायर : महागडी स्पीकर वायर नको. २.५ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची साधी वायर १० मीटरपर्यंत ४ ओहमलाही पुरते.

आणखी एक. घरात फ्री डिश आणि यूट्यूबच जास्त बघितलं जात असेल, तर तिथला बराचसा आवाज दोनच चॅनेलचा असतो. मग पाच स्पीकरऐवजी दोन चांगले स्पीकर आणि साधा स्टीरिओ अँप्लिफायर घेतलेला बरा.

मग भावाने काय केलं?

जुने ३ ओहमचे स्पीकर नवीन रिसीव्हरला जोडायचे नाहीत, हे आधी ठरलं. जुन्या सेटचा डबा दुरुस्त होतो का ते जव्हारला दाखवलं. पार्ट मिळत नव्हता. मग त्याने उलट्या क्रमाने खरेदी केली. पहिल्यांदा ८ ओहम आणि ८८ डीबीचे दोन स्पीकर आणि त्यांच्याच जोडीचा सेंटर. त्यानंतर ६ ओहम झेपणारा, एचडीएमआय एआरसी असलेला साधा ५.१ रिसीव्हर. मागचे स्पीकर आणि सबवूफर पुढच्या हंगामात. तीन स्पीकरवरही रिसीव्हर व्यवस्थित चालतो, सेटिंगमध्ये तेवढं सांगावं लागतं.

सर्व्हिससाठी नाशिक किंवा मुंबई गाठावी लागणाऱ्या गावात चुकीची खरेदी दुप्पट महाग पडते, म्हणून क्रम लक्षात ठेवा : खोली आणि बसायचं अंतर, मग स्पीकर, मग ओहम आणि सगळ्यात शेवटी रिसीव्हरचे वॅट. दुकानदार वॅटपासून सुरुवात करेल. तुम्ही त्याला ओहम विचारा.